नाव एक, लॉट दोन, ग्रुप वेगळे: .२२ मॅच काडतुसांची निवड कशी करावी?

रानवारा

५० मीटर रायफल खेळणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. माझ्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या मॅच काडतुसांचे दोन लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेल्या खेपा) आहेत. ग्रेड तीच, डबी तीच, फक्त लॉट क्रमांक वेगळा. पहिल्या लॉटचा प्रोनमधला (पोटावर झोपून मारलेला) ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या शॉटचा पुंजका, अगदी घट्ट येतो. दुसऱ्यात सात-आठ शॉट छान बसतात आणि मग एखादा वर नाहीतर खाली निसटतो. ट्रिगर सुटताना मला त्यात काहीच वावगं जाणवलेलं नसतं. त्याहून चक्रावणारी गोष्ट अशी की माझ्या जोडीदाराच्या रायफलीत हाच दुसरा लॉट सुरेख चालतो आणि पहिला पसरतो.

अॅक्शनच्या (रायफलीचा बोल्ट असलेला भाग) स्क्रूंचा टॉर्क तपासलाय, साइट घट्ट आहे, बॅरल साफ आहे. चांगला लॉट म्हणजे त्यात नेमकं काय चांगलं असतं? तो आपल्या रायफलीसाठी ओळखायचा कसा? आणि किती शॉट मारल्यावर त्यावर विश्वास ठेवायचा?

काटेकोर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर काडतूस बनतं कसं यात दडलंय, म्हणून तिथून सुरुवात करतो.

.२२ लाँग रायफल हे १८८७ सालापासूनचं रिमफायर काडतूस, म्हणजे प्रायमर (पेट घेणारं मिश्रण) कडेत असलेलं. सेंटरफायर काडतुसात प्रायमर ही वेगळी छोटी वाटी असते, ती मधोमध बसवतात. रिमफायरमध्ये प्रायमरचं ओलं मिश्रण पितळी केसच्या तळाशी घालतात आणि केस वेगाने फिरवून ते कडेच्या पोकळ घडीत भरतात. फायरिंग पिन त्या कडेवर एकाच ठिकाणी आपटते. नेमक्या त्या ठिकाणी मिश्रण थोडं पातळ बसलेलं असलं तर पेट वेगळा होतो. शिवाय आतली दारू ०.१ ग्रॅमपेक्षाही कमी असते. इतक्या थोड्या दारूत प्रायमरचा वाटा मोठा ठरतो, त्यामुळे प्रायमरमधला छोटा फरक थेट गोळीच्या वेगात उतरतो.

दुसरी बाब गोळीची. ती ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, मऊ शिशाची. तिचा मागचा भाग थोडा बारीक करून केसच्या तोंडात बसवलेला असतो आणि बाकीची गोळी केसच्याच जाडीची, बाहेर उघडी, वंगण लावलेली असते. मऊ शिसं, उघडी गोळी, बारीक टाच: म्हणजे बिघडायला तीन जागा. गोळीचं बूड जरा तिरपं झालं तर बॅरलमधून सुटताना मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का बसतो. गोळीच्या नाकावर बारीक ओरखडा असला तरी सहसा मोठं नुकसान होत नाही, बुडावरचा ओरखडा मात्र लक्ष्यावर दिसतो.

सेंटरफायरवाला घरी बसून दारू तोलतो, गोळी निवडतो, आपल्या बॅरलला मानवेल असं काडतूस तयार करतो. आपल्याला ती सोय नाही. रिमफायर पुन्हा भरता येत नाही. बनवणं आपल्या हातात नाही, निवडणं आहे. म्हणून निवडीवर मेहनत घ्यावी असं मी प्रत्येक नव्या नेमबाजाला कळकळीने सांगतो.

डबीवरच्या नावाबद्दलही सांगतो. वरच्या ग्रेडचं काडतूस म्हणजे दर वेळी वेगळी कृती असते असं नाही. लापुआ या काडतूस-कंपनीचं उदाहरण घ्या: सेंटर-एक्स, मिडास प्लस आणि एक्स-अॅक्ट यांतला मुख्य फरक चाचणीनंतरच्या प्रतवारीचा आहे. एले कंपनीमध्येही टेनेक्स आणि मॅच यांचं नातं असंच आहे. कारखाना आपल्या चाचणी-बॅरलमधून लॉट तपासतो आणि निकालाप्रमाणे नाव देतो. ती चाचणी त्यांच्या बॅरलची असते, तुमच्या बॅरलची नाही. तुमच्या जोडीदाराचा अनुभव उलटा यायचं कारण हेच.

शून्यबिंदू

वर-खाली निसटणाऱ्या शॉटबद्दल थोडं गणित मांडतो, कारण तुमच्या वर्णनात ‘वर किंवा खाली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

मॅच काडतुसांचा वेग नळीच्या तोंडाशी ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असतो. ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतात. एवढ्या वेळात ती सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. वेग १ मीटर प्रतिसेकंदाने कमी झाला तर हे पडणं जवळपास पाऊण मिलिमीटरने वाढतं.

आता लक्ष्याकडे बघा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ५० मीटर लक्ष्यावर १० चं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं आहे आणि पुढची वर्तुळं त्रिज्येत ८-८ मिमीने वाढतात. म्हणजे ०.१ गुण म्हणजे ०.८ मिमी. सोपा हिशोब लक्षात ठेवा: वेगातला १ मीटर प्रतिसेकंदाचा फरक हा उभ्या दिशेत जवळजवळ ०.१ गुणाचा फरक. एखाद्या लॉटमध्ये सर्वात वेगवान आणि सर्वात मंद गोळीत १० मीटर प्रतिसेकंदाचं अंतर असेल, तर फक्त त्यामुळे ग्रुप साडेसात मिमी उंच होतो. हात कितीही स्थिर असला तरी.

गोळीचा व्यास ५.६ मिमी आणि वर्तुळाच्या रेषेला स्पर्श झाला तरी गुण मिळतो, म्हणून गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला की १० मिळतात. याचा अर्थ मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिमीचा ग्रुप बरोबर केंद्रावर असेल तर सगळे १०. त्यातले साडेसात मिमी वेगानेच खाल्ले तर नेमबाजाला आणि वाऱ्याला उरतं किती, ते बघा.

तुमचे निसटलेले शॉट डावी-उजवीकडे फारसे जात नसतील तर मी आधी वेगावर संशय घेईन. क्लबात कोणाकडे क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर दोन्ही लॉट त्यावरून मारून बघा.

माळरान

शून्यबिंदू, मग जास्त वेगाची काडतुसं का वापरू नयेत? वेळ कमी, पडणं कमी, वाऱ्याचा परिणामही कमी. की यात काही चुकतंय?

शून्यबिंदू

पडणं कमी होतं हे खरं, पण वाऱ्याचं गणित उलटं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं. आडव्या वाऱ्याने गोळी किती वाहून जाते ते एकूण उड्डाणवेळेवर ठरत नाही. हवेच्या अडथळ्यामुळे गोळीला किती उशीर झाला, त्यावर ठरतं. ध्वनीचा वेग १५ अंश सेल्सिअसला साधारण ३४० मीटर प्रतिसेकंद आहे. त्याच्या वर आणि आसपास अडथळा एकदम वाढतो. ३७५ च्या वेगाने निघालेली गोळी पहिल्या ५० मीटरांतच वेग भराभर गमावते, म्हणून तिचा उशीर जास्त. साडेचार मीटर प्रतिसेकंदाच्या आडव्या वाऱ्यात मॅच काडतुसाची गोळी ५० मीटरवर सुमारे २४ मिमी सरकते. तेज काडतुसाची त्याहून जवळपास दहा मिमी जास्त. शिवाय ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळण्याची शक्यता असते. म्हणून मॅच काडतूस मुळातच ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात.

जुनी_नळी

वेगाबद्दल शून्यबिंदू यांनी नीट सांगितलं. पण ‘वेगातला फरक कमी तो लॉट चांगला’ एवढ्यावर थांबू नका. कमी फरकाचा लॉट एखाद्या बॅरलमध्ये पसरतो आणि किंचित जास्त फरकाचा घट्ट बसतो, हे मी अनेक रायफलींवर पाहिलंय.

एक कारण बॅरलच्या कंपनात आहे. शॉट सुटताना बॅरलचं तोंड अतिसूक्ष्म वर-खाली हलतं. मंद गोळी जरा उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी तोंड वरच्या दिशेने जात असेल तर मंद गोळी किंचित वरच्या कोनात सुटते आणि तिचं जास्तीचं पडणं भरून निघतं. उलट दिशेने जात असेल तर फरक आणखी वाढतो. बॅरलच्या टोकाला वजन किंवा ट्यूनर (मागे-पुढे सरकवता येणारं वजन) लावतात तो याच वेळेचा मेळ घालण्यासाठी. त्यामुळे लॉट, बॅरल आणि टोकावरचं वजन यांची जोडी एकत्र बघावी लागते. ट्यूनर हलवला की जुन्या चाचणीवर विसंबू नये.

दुसरं कारण चेंबर, म्हणजे बॅरलमध्ये काडतूस बसतं ती जागा. मॅच चेंबर आखूड आणि तंग असतं. बोल्ट बंद करताना गोळीचा पुढचा भाग बॅरलच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांच्या सुरुवातीत थोडा रुततो. गोळी किती पुढे बसवली आहे, तिचा व्यास किती, शिसं किती मऊ, यात लॉटगणिक अगदी बारीक फरक असतो. एका चेंबरमध्ये तो लॉट गोळीला बरोबर मधोमध धरतो, दुसऱ्यात तिरकं. बोल्ट बंद करताना हाताला येणारा दाब लॉट बदलल्यावर बदलतो का, हे एकदा मुद्दाम अनुभवा.

तिसरं वंगण. प्रत्येक कंपनीचं मेण आणि तेलाचं मिश्रण निराळं. एका कंपनीची काडतुसं मारून लगेच दुसऱ्या कंपनीची घातली की पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात, कारण बॅरलच्या आत आधीचा थर असतो. तो नव्या वंगणाने झाकला जाईपर्यंत शॉट मोजायचे नाहीत. मी यासाठी किमान वीसेक शॉट बाजूला ठेवायला सांगतो. एकाच कंपनीचे दोन लॉट असतील तर कमी पुरतात.

माळरान

धन्यवाद, वाऱ्याचं आता लख्ख कळलं. आणखी एक विचारतो. बरेच जण कडेची जाडी मोजून किंवा तराजूवर तोलून काडतुसं वेगळी करतात. त्याचा उपयोग होतो का?

काटेकोर

तोलण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मॅच ग्रेडसाठी त्यात वेळ घालवू नका. संपूर्ण काडतूस साधारण ३.३ ग्रॅमचं. त्यातली गोळी २.६ ग्रॅम, दारू ०.१ पेक्षा कमी, बाकी पितळ. तराजूवर जो फरक दिसतो तो गोळीचा आहे, पितळेचा आहे, वंगणाचा आहे की दारूचा, हे कळायला मार्ग नाही. जड पितळ आणि कमी दारू यांची बेरीज तंतोतंत सरासरी येऊ शकते. फार वेगळं वजन असलेलं एखादं काडतूस बाजूला काढा, ठीक. पण गट पाडून त्यातून १० गुणांचे शॉट वाढतील असं मानू नका.

कडेची जाडी थोडी वेगळी बाब आहे. कड केवढी जाड त्यावर बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतूस किती घट्ट बसतं ते ठरतं, आणि त्यावर पिनचा घाव किती पक्का बसतो ते. स्वस्त काडतुसांत ही जाडी बरीच बदलते, तिथे मोजून वेगळं केल्याचा थोडा फायदा दिसू शकतो. वरच्या ग्रेडमध्ये कारखान्यानेच ती आटोक्यात ठेवलेली असते.

दहा_पूर्णांक_नऊ

मला थोडं वेगळं म्हणायचंय. आपल्याकडे काडतुसांना फार लवकर दोष दिला जातो. मी मुलांना शिकवते आणि मला दिसतं की ज्याचा स्टँडिंगमध्ये (उभ्याने मारताना) होल्ड, म्हणजे नेम धरताना होणारी हालचाल, अजून मोठा आहे तोही महागड्या लॉटच्या मागे लागतो.

दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. समजा स्टँडिंगमध्ये नेमबाजाचा स्वतःचा पसारा ३० मिमी आहे. काडतूस आणि रायफल मिळून १४ मिमीचा लॉट वापरला तर एकूण सुमारे ३३ मिमी होतो. १८ मिमीचा लॉट वापरला तर ३५. फरक फक्त २ मिमी. तोच नेमबाज प्रोनमध्ये ८ मिमीत धरत असेल तर चांगल्या लॉटने एकूण १६ आणि साध्या लॉटने जवळजवळ २०. आता हा फरक मोठा आहे. १६ म्हणजे १० च्या मर्यादेवर, २० म्हणजे कडेचे शॉट ९ मध्ये.

म्हणून माझा सल्ला असा: ज्याचा होल्ड अजून घडतोय त्याने भरवशाचा मधल्या ग्रेडचा एक लॉट जास्त संख्येने घ्यावा आणि सराव करावा. प्रत्येक शॉट कुठे गेला असेल ते लक्ष्याकडे बघण्याआधी मनाशी ठरवायचं. हा अंदाज आणि लक्ष्यावरचा शॉट जुळायला लागले की मगच लॉटचा फरक डोळ्यांना दिसतो.

रानवारा, तुम्हाला ट्रिगरवर न जाणवलेला शॉट वेगळा ओळखता येतोय, तेव्हा तुम्ही त्या पायरीवर आहात असं वाटतं. तुम्ही नक्की चाचणी करा.

शून्यबिंदू

दहा_पूर्णांक_नऊ यांच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा, आणि चाचणीबद्दल लिहितो, कारण बहुतेक चाचण्या इथेच फसतात.

पाच शॉटचा एक ग्रुप जवळपास काहीच सांगत नाही. रायफल तीच, लॉट तोच, वारा शून्य असला तरी पाच शॉटचे ग्रुप नुसत्या योगायोगाने सरासरीच्या एक-चतुर्थांशाहून थोडे अधिक वर-खाली होतात. सरासरी १४ मिमी असेल तर १० आणि १८ हे दोन्ही अगदी सामान्य निकाल आहेत. मग एका लॉटचा १० आणि दुसऱ्याचा १८ आला म्हणून पहिला चांगला ठरवायचा? ते दोन्ही लॉट एकसारखे असू शकतात. दहा लॉटचा पाच-पाच शॉटचा एकेक ग्रुप मारून सर्वात लहान निवडला, तर बहुधा आपण नशीब निवडतो, लॉट नाही.

दुसरी गोष्ट: पाच शॉटचा ग्रुप आणि दहा शॉटचा ग्रुप यांची तुलना करू नका. त्याच काडतुसांचा दहा शॉटचा ग्रुप सरासरीने पाचाच्या ग्रुपपेक्षा सुमारे चोवीस टक्के मोठा येतो. फक्त दोन टोकांचे शॉट मोजण्याऐवजी प्रत्येक शॉटचं मध्यापासूनचं अंतर काढून त्याची सरासरी घ्या. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर प्रत्येक शॉटचे निर्देशांक मिळतात, काम सोपं होतं. असे वेगवेगळे ग्रुप एकमेकांवर ठेवून एकत्र वाचताही येतात.

मी दोन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत प्रत्येक लॉटचे वीस शॉट, उघड वाईट लॉट गळतात. उरलेल्या दोन-तीन लॉटचे वेगळ्या दिवशी चाळीस-पन्नास शॉट. एक लॉट संपवून दुसरा घेण्याऐवजी दहा-दहाच्या तुकड्यांनी आलटून पालटून मारायचे, म्हणजे वारा आणि बॅरलचं तापमान एकाच लॉटच्या माथी बसत नाही. दहा शॉट या लॉटचे, दहा त्या लॉटचे, सर्व लॉट एकाच कंपनीचे असतील तरच हे जमतं; कंपन्या वेगळ्या असतील तर जुनी_नळी यांनी सांगितलेला वंगणाचा थर आडवा येतो.

माळरान

ही चाचणी व्हाइसमध्ये (रायफल घट्ट धरणाऱ्या पकडीत) करावी की खांद्यावर?

जुनी_नळी

दोन्हीला जागा आहे. एले आणि लापुआ यांच्या चाचणी केंद्रांत अॅक्शन घट्ट पकडीत बसवून मारतात. माणसाचा हात बाजूला निघतो आणि बरेच लॉट कमी वेळात तपासता येतात. अशी सोय मिळत असेल तर जरूर घ्या, आणि आवडलेला लॉट तिथल्या तिथे राखून ठेवा, कारण तो लॉट संपला की परत बनत नाही.

पण पकडीतली बॅरल आणि खांद्यावरच्या रायफलीतली बॅरल यांचं कंपन एकसारखं नसतं. पकडीतून निवडलेले दोन-तीन लॉट शेवटी प्रोनमध्ये, स्वतःच्या स्लिंगने, स्वतःच्या जॅकेटने मारून बघायचेच. साधी व्हाइस हलकी असेल तर ती न वापरलेली बरी. चांगला प्रोन नेमबाज तिच्यापेक्षा विश्वासू असतो.

आणि तापमान. थंडीत वंगण घट्ट होतं, दारूही मंद जळते, वेग उतरतो. उन्हाळ्यात निवडलेला लॉट थंड सकाळच्या सामन्यात वेगळा वागू शकतो. काडतुसं सामन्याच्या वेळी सावलीत ठेवा, तापलेल्या डबीतून उचलून मारू नका. चेंबरमध्ये काडतूस घालून वाऱ्याची वाट बघत बसू नका, तापलेल्या बॅरलमध्ये ते गरम होतं आणि तो शॉट वेगळा जातो.

दहा_पूर्णांक_नऊ

साफसफाईबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. .२२ मध्ये खाचांच्या अगदी सुरुवातीला काजळीचं कडं साचतं. दिसत नाही, पण गोळी रुतण्याची जागा बदलते, आणि चांगला लॉट हळूहळू बिघडल्यासारखा वाटतो. कोणी दर सत्रानंतर साफ करतात, कोणी बऱ्याच सत्रांनी. माझं म्हणणं एवढंच की चाचणीआधी सगळ्या लॉटसाठी बॅरलची अवस्था सारखी ठेवा. आणि हात धुवा. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, गोळीही शिशाची. मुलांना हे सवयीचं व्हायला हवं.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रोनोग्राफ मिळाला. दुसऱ्या लॉटमध्ये वेगाचा पसारा खरंच मोठा आहे आणि निसटलेले शॉट मंद गोळ्यांचेच होते, खाली गेलेले. वर गेलेल्या शॉटचं मात्र कारण सापडलं नाही, ते वेगाने सरासरीच होते. आणखी एक, त्या लॉटमधलं एक काडतूस पेटलंच नाही.

जुनी_नळी

न पेटलेलं काडतूस ही खूण दुर्लक्षू नका. आधी सुरक्षेचं: असं झालं की तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट तरी थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा, आणि ते काडतूस दुसऱ्यांदा मारायचा प्रयत्न करायचा नाही. रेंज अधिकाऱ्याला सांगून वेगळ्या डब्यात टाकायचं.

मग त्या काडतुसाच्या कडेवरचा पिनचा ठसा भिंगातून बघा. ठसा उथळ असेल तर दोष काडतुसाचा नसण्याची शक्यता मोठी आहे. फायरिंग पिनची स्प्रिंग थकली असेल, बोल्टमध्ये जुनं घट्ट ग्रीस असेल, किंवा पिनचं टोक झिजलं असेल, तर घाव कमी-जास्त बसतो आणि प्रायमर कधी जोरात, कधी मंद पेटतो. क्रोनोग्राफवर ते अगदी वाईट लॉटसारखंच दिसतं. जोडीदाराच्या रायफलीत हा लॉट चांगला चालतो, त्यामुळे तर मला तुमच्या बोल्टवरच जास्त संशय आहे. तुमचा पहिला लॉट कदाचित सहज पेटणारा असेल, म्हणून त्यात दोष झाकला जातोय.

चेंबरच्या काठावर, पिन जिथे उतरते तिथे, बारीक उंचवटाही बघा. रिकामी रायफल पुष्कळदा चालवली असेल तर पिन काठावर आपटून तो तयार होतो आणि कड नीट बसू देत नाही. हा उंचवटा स्वतः घासू नका, ते गनस्मिथचं काम.

रानवारा

ठसे आत्ताच पाहिले. दोन्ही लॉटच्या रिकाम्या केस शेजारी ठेवल्या. खोली सारखी नाही, काही केसवर ठसा स्पष्टच उथळ आहे, पहिल्या लॉटमध्येसुद्धा.

जुनी_नळी

मग बोल्ट उघडून स्वच्छ करून घ्या, जुनं ग्रीस पूर्ण काढा, पातळ तेलाचा अगदी हलका हात द्या आणि गनस्मिथकडून स्प्रिंग बदलून घ्या. त्यानंतर दोन्ही लॉट नव्याने क्रोनोग्राफवरून मारा, दहा-दहाच्या तुकड्यांनी, आलटून पालटून. तोपर्यंत दुसरा लॉट कोणाला देऊन टाकू नका. आकडे आले की इथे टाका, सोबत त्या दिवशीचं तापमान लिहा.